झाकणाखालचा तपकिरी तुकडा

वनिता,

तुझी शोकसभा झाली. सेमिनार हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. प्राचार्य बोलले, तुमच्या केमिस्ट्रीचे लोक बोलले, तुझी एक जुनी विद्यार्थिनी बोलली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण प्रयोगशाळेत तुझ्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं मी काढली. मी उठलो आणि म्हणालो की मॅडम अतिशय मेहनती होत्या. एवढंच. खाली बसलो. तू मागच्या बाकावर असतीस तर शेजारणीला कोपर मारून म्हणाली असतीस, बघ, मास्तरांनी कॅरेक्टर सर्टिफिकेट दिलं.

शिक्षण कुठे झालं, नोकरी कधीपासून, पेपर किती, हे सगळं तिथे वाचून दाखवलं गेलं. ते इथे लिहीत नाही. तिथे जे बोलायचं होतं आणि बोललो नाही, ते लिहितोय. न बोलणं म्हणजे सभ्यपणा असं मी आयुष्यभर समजत आलो. आता तसं वाटत नाही.

आपलं सुरू झालं ते एका पिवळ्या काचेवरून. तू वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीला, मी खाली फिजिक्सला. ओळख परीक्षेच्या ड्यूटीपुरती. एका दुपारी तू बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्याएवढी काच घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, यावर उजेड पाडून करंट मोजून देशील का. मी म्हणालो, यावर पिवळे डाग पडलेत. तू काच डोळ्यांजवळ धरलीस. “सकाळी काळी होती रे,” असं म्हणून तिथेच स्टुलावर बसलीस आणि हसायला लागलीस. मला हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

त्या पदार्थाचं नाव पेरोव्हस्काइट. ऑफिसात कुणीतरी बिलावर ते ‘पेरूस्काइट’ असं टाइप केलं आणि त्या दिवसापासून आपल्यासाठी तो पेरू झाला. काचेवर त्याचा जो पातळ थर धरायचा त्याला तू साय म्हणायचीस. चांगली साय गडद तपकिरी, जवळजवळ काळी. पडलेला उजेड ती पिऊनच टाकते. पण दमट हवा लागली की ती मोडते आणि मागे शिशाचा पिवळा क्षार उरतो. आणि आपल्याकडे, उल्हासनगर म्हण, अंबरनाथ म्हण, बदलापूर म्हण, कोरडी हवा म्हणजे दिवाळी ते होळी. बाकीचे महिने आपण मोजमापं करायचो नाही, नुसते भांडायचो.

माझं काम दुसऱ्या टोकाचं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाच्या चकचकीत खनिजाला चिकटपट्टी लावायची, सोलायची, परत लावायची, परत सोलायची, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचं की एखादा कण अगदी एकाच थराचा सुटला आहे का. त्याचं नाव तू पापुद्रा ठेवलंस. त्यातून वीज सुरेख धावते, पण तो इतका पातळ की बहुतेक उजेड आरपार निघून जातो. तुझी साय उजेड पकडते, पण त्यातून निघालेली वीज तिच्यात वाटेतच अडकून बसते. दोघांना एकमेकांवर बसवलं तर सायीने उजेड झेलायचा आणि पापुद्र्याने ती खबर पोचवायची. मंदातला मंद उजेड ओळखणारा, स्वस्तातला डोळा. मोठमोठ्या प्रयोगशाळांत हे चाललंच होतं. आपल्याला ते इथे करायचं होतं, गळक्या नळाच्या आणि एका एसीच्या खोलीत, एवढंच.

“तू पापुद्रा आणि मी साय,” असं तू चारचौघांत म्हणायचीस. “याच्यातून सगळं आरपार जातं. अडकत काहीच नाही.” स्टाफरूम हसायची, मीही हसायचो. माझ्यात काय काय अडकून पडलंय हे तुला तेव्हाही माहीत असावं.

साय धरायला काचेवर पेरूचा द्रव टाकून ती गरगर फिरवावी लागते. ते यंत्र विकत घेणं आपल्याला शक्यच नव्हतं, म्हणून तू उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी मोटरवाल्याकडे मला घेऊन गेलीस. त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मॅडम, इसमें चटणी पिसोगी तो जार अलग से लगेगा.” तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, “साईं, चटणी इतनी पतली चाहिए कि दिखनी नहीं चाहिए.” ते यंत्र अजून चालतं. फिरत्या काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसायचं, एक पांढरी दांडी. ती दांडी थरथरून तुटल्यासारखी झाली की त्याच क्षणी तू वरून साय गोठवणारा दुसरा द्रव टाकायचीस. क्षणभर आधी टाकला तर साय फाटते, नंतर टाकला तर दाणेदार होते. तुझी कधी फाटली नाही. मला कितीदा समजावून सांगितलंस, दांडी बघ, दांडी बघ. मी घड्याळ बघायचो.

तुझ्या बोलण्याला मी नावं ठेवली, तेही लिहितो. बदलापूरच्या मांजर्लीतल्या आगरी घरातली तू. ‘मी बोलली’, ‘मी गेली’ असंच म्हणायचीस. एकदा पाहुण्यांसमोर मी हळूच सुधारलं, “म्हणाले.” तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यापुढची सगळी ओळख करून देताना प्रत्येक वाक्यात ‘मी बोलली’ आणलंस. पाहुणे गेल्यावर मला विचारलंस की तुझ्या अंबरनाथच्या ऑफिसर कॉलनीत लहान मुलं रडतात पण व्याकरणात का. मी सॉरी म्हणायला हवं होतं. तेव्हाही म्हणालो नाही.

आता झाकणाबद्दल.

सगळे जण पापुद्रा खाली ठेवतात आणि त्यावर साय धरतात. ते सोपं पडतं. पण साय वर उघडी राहते आणि हवा तिला खाते. तुझं म्हणणं होतं की उलटं करू. साय खाली, पापुद्रा वर. मऊ रबरावर पापुद्रा उचलायचा आणि कोरडाच्या कोरडा सायीवर टेकवायचा. वीज नेण्याचं कामही तोच करेल आणि पावसाळ्यात झाकणही तोच होईल. मी म्हणालो, एका थराच्या पापुद्र्याला भोकं असतात, ओल शिरेलच. तू म्हणालीस, मग जाड घे. मी म्हणालो, जाड घेतला तर तोच उजेड अडवेल, सायीपर्यंत पोचणार काय? तू म्हणालीस, “मग खालून दे की उजेड. काचच आहे ना खाली?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजवर नीट कबूल केलं नाही, पण नव्हतं. विभागाची मीटिंग चालू होती, ज्युनिअर मंडळी बसली होती, आणि उत्तर नसलेला माणूस जे करतो ते मी केलं. म्हणालो, “हे संशोधन आहे वनिता, डबा भरणं नाही.” दोघं-तिघं हसले. तूही हसलीस. मग पर्समधून तुझा डबा काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, “झाकण लावलेलं असतं म्हणूनच दुपारी जेवतोस ना माझ्यातलं?” मीटिंग संपली. त्या दिवशीही आपण एकत्र जेवलो, सुकटीची चटणी होती, तू मला नेहमीसारखी वाढलीस. मला वाटलं, मिटलं.

मी तुला एकही चांगला पापुद्रा दिला नाही. कामाचे आहेत, वाया जातील, असं म्हणालो. तू परत मागितला नाहीस.

मग तुझ्या तपासण्या सुरू झाल्या. आजाराचा आणि प्रयोगशाळेतल्या द्रवांचा काही संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ती एक शिक्षा तरी मला मिळाली नाही. रजेवर जाण्याआधी तू खाली आलीस. पेरूच्या दोन ताज्या साया हवाबंद डब्यात ठेवल्यास आणि झाकणवाली एक काच माझ्या खिडकीजवळच्या रॅकवर, उघड्यावर. “हलवू नको. पावसाळा अंगावरून जाऊ दे तिच्या,” म्हणालीस. झाकणाला पापुद्रा कुठून आणलास हे मी विचारलं नाही. बघतो, म्हणालो.

बघतो. हा माझा शब्द. विद्यार्थ्याने मार्क वाढवायला सांगितले, बघतो. बायकोने सुट्टी काढायला सांगितली, बघतो. तू एकदा म्हणाली होतीस की मास्तर इतकं बघतो, तरी याला दिसत कसं नाही.

जुलैत नदी चढली. मांजर्लीत तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत पाणी आलं आणि तुझ्या आईला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी नेलं. प्रयोगशाळेतल्या कपाटांच्या दारांना बुरशी आली. उघड्यावर ठेवलेली कुठलीही साय अशा हवेत टिकली नसती. हॉस्पिटलात तुला भेटायला पहिल्यांदा आलो तेव्हा तू पलंगावर बसून आईशी पाण्याबद्दल बोलत होतीस. मला बघून पहिला प्रश्न, “माझं झाकण कसं आहे?” मी त्या काचेकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. म्हणालो, बघतोय.

त्या खोटेपणाची लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. वरून सगळं पिवळं. मधोमध तुझा पापुद्रा, डोळ्याला जेमतेम कुसळाएवढा, आणि भोवती शिशाचा पिवळा पसारा. मला हेच अपेक्षित होतं. पापुद्रा नीट न बघताच काच उचलली, आणि तुझं ते ‘खालून दे की’ आठवलं म्हणून, का कोण जाणे, पालथी घातली. खालून बघितलं.

पिवळ्याच्या मधोमध तपकिरी तुकडा होता. गडद. पापुद्र्याच्या आकाराचा, त्याच्या कोपऱ्यांसकट. जिथपर्यंत तुझं झाकण, तिथपर्यंत साय जिवंत.

वनिता, मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. आणि तुला कळवलं नाही.

का नाही, याचं चांगलं कारण माझ्याकडे होतं. चांगली कारणं माझ्याकडे नेहमी असतात. तोच निकाल तीनदा आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. तूच थट्टा करायचीस की मास्तरने लग्नालाही तीनदा होकार मागितला असणार. एक नमुना म्हणजे योगायोग. तुला खोटी आशा का द्यायची? आणखी दोन करू, ते टिकले की पेढे घेऊनच जाऊ, असं ठरवलं. डब्यात तुझ्या दोन साया होत्या. बरोबर तीन होणार होते.

आणि त्यांच्यासाठी मी माझ्याकडचे सगळ्यात उत्तम पापुद्रे काढले. एका थराचे, डाग नसलेले, जपून ठेवलेले. जे तुला द्यायला नकार दिला होता तेच. मनात म्हटलं, आता तरी तिला चांगलं देऊ. श्वास रोखून बसवले. रॅकवर ठेवले.

आठवडाभरातच दोन्ही पिवळे झाले. वरून पिवळे, खालून पिवळे.

त्या क्षणी मला काय वाटलं हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. तू तिकडे नळ्यांमध्ये पडलेली, आणि मला बरं वाटलं, की मी म्हणालो होतो तसंच झालं. एका थराला भोकं असतात, ओल शिरतेच. ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. पण होतं. तुझ्या हातच्या शेवटच्या दोन साया मी माझं म्हणणं खरं करण्यात संपवल्या, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा तू झोपून होतीस. चेहरा उतरला होता, आवाज तेवढा तुझाच होता. आई बाहेर औषध आणायला गेली होती. तू विचारलंस, “झाकण?”

माझ्याकडे सांगायला दोन्ही होतं. एक टिकलंय, हेही खरं. दोन गेली, हेही खरं. एवढंच्या एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तू उठून बसली असतीस, दोन का गेली ते विचारलं असतंस, कुठले पापुद्रे घेतलेस हे विचारलं असतंस, मला शिव्या घातल्या असत्यास, आणि उत्तर तिथल्या तिथे सापडलं असतं. मी म्हणालो, “बघतोय.”

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, “बघतच राहा, मास्तर.” आणि भिंतीकडे कूस बदललीस. मला वाटलं, थकली असेल. त्यानंतर आपण बोललो नाही.

तुझे दिवस झाले, आणि मी तुझ्या वस्तू आवरायला प्रयोगशाळेत बसलो. ती काच अजून सूक्ष्मदर्शकाशेजारी पालथीच होती. पालथी घातल्यापासून मी ती परत सुलटी केलीच नव्हती. डबीत ठेवण्यासाठी सुलटी केली आणि सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली धरून डोळा लावला. पापुद्रा चांदीसारखा चमकत होता. एका थराचा पापुद्रा चमकत नाही, तो राखाडी सावलीसारखा जेमतेम दिसतो. चमकतो तो जाड. शेकडो थरांचा. आणि त्याचा एक कोपरा दुमडलेला होता. मी तो कोपरा ओळखला. जाड निघाला म्हणून वैतागून मीच तो कचऱ्याच्या बशीत टाकला होता.

म्हणजे मीटिंगमध्ये ‘जाड घे’ म्हणालेली तू, माझ्या नकारानंतर माझ्याच बशीतून टाकाऊ उचलून घेऊन गेलीस आणि तुझं झाकण केलंस. ते टिकलं ते जाड होतं म्हणून. आणि तुला मान द्यायला म्हणून मी जे उत्तमातलं उत्तम लावलं, त्याने तुझ्या दोन्ही साया मारल्या. प्रयोग फसला नव्हता. मी तुझा प्रयोग केलाच नव्हता.

त्यानंतर साय करायचा प्रयत्न केला. खूपदा केला. सिंधी काकांचं यंत्र फिरतं, ट्यूबची दांडी दिसते, आणि ती तुटते केव्हा ते मला कळत नाही. माझी साय कधी फाटते, कधी तांदळाच्या कण्यांसारखी होते. तुझ्या विभागात आता हे करणारं कुणी नाही. दुसरा होणार नाही, तिसरा तर नाहीच. आणि जो एक आहे त्याला तारा जोडलेल्या नाहीत. जोडायला गेलो तर चांदीच्या लेपातला द्रव सायीला मारेल. म्हणजे तुझं झाकण टिकतं एवढं मला कळलं. तुझा डोळा बघतो का, आणि किती मंद उजेडात बघतो, हे आता कधीच कळणार नाही. तुझ्या म्हणण्यातला अर्धाच भाग मी वाचवू शकलो, आणि तोही मी वाचवलेला नाही, माझ्या कचऱ्याने वाचवला.

परवा मांजर्लीला गेलो. तुझी आई एकटीच होती. खालच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून आहे, रंग काढलेला नाही. मी काच रुमालात बांधून नेली होती. सगळं सांगितलं, मला जमेल तितकं सोपं करून: तिने एक झाकण केलं होतं, मी नाही म्हणालो होतो, तिचं बरोबर निघालं. त्या ऐकत होत्या. मी काच त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, खालच्या बाजूने बघा, मधोमध. त्या खिडकीपाशी गेल्या. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. त्यांना मोतीबिंदू आहे, आणि नसता तरी भिंगाशिवाय तो तुकडा कुणाला नीट दिसला नसता. मला हे आधी सुचायला हवं होतं.

“नाय दिसत मना काय,” त्या म्हणाल्या. काच हातातच ठेवून विचारलं, “तिनी बघला का?”

मी म्हणालो, नाही.

“तुला ठावं होता तवा ती होती का?”

मी होकारार्थी मान हलवली.

त्या रागावल्या नाहीत. काच माझ्या हातात परत ठेवली, वरून माझी मूठ मिटली. “मग आता मना कशाला दाखवतस, बाला?” एवढंच विचारलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

बाहेरच्या खोलीत मी काच परत रुमालात बांधली. तू हे वाचणार नाहीस. झाकणाच्या कडा आता पिवळ्या व्हायला लागल्या आहेत. ओल कडेने आत सरकते आहे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही उरणार नाही. तो तुकडा जगात मी एकट्यानेच पाहिला, आणि ज्या दिवशी पाहिला त्या दिवशी तू अजून फोन उचलत होतीस.